कारणाचा रकाना

काम आणि क्रोध मनात शिरतात ते दार आपटून शिरतात. साऱ्या घराला ऐकू जातं. मत्सर मात्र चपला हातात घेऊन येतो. थोरलीच्या मनात तो आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलत होती आणि तोंडानं म्हणत होती, "वा, छान झालं की."

छान काय, तर धाकट्या जावेनं विद्यापीठातून एक माहितीपत्रक आणलं होतं. मनुष्यबळ विकास या विषयातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि तीही नुसती वर्गात बसून परीक्षा देण्याची नव्हे, संशोधनाची. माणसं कामाला लागतात, शिकतात, टिकतात किंवा सोडून जातात, ते का, याचा स्वतः शोध घ्यायचा आणि प्रबंध लिहायचा. अर्जासोबत दोन पानांचा संशोधन आराखडा हवा, दोन शिफारसपत्रं हवीत, मग मुलाखत. ज्या प्राध्यापक बाईंच्या हाताखाली धाकटीला शिकायचं होतं, त्या वर्षाला एकच विद्यार्थी घेत.

घर त्या माहितीपत्रकाभोवती फिरू लागलं. धाकटीचा नवरा, ज्याला आजवर पाणीसुद्धा हातात लागायचं, तो उठून चहा करू लागला. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. घरात कुणी तापानं फणफणलं तरी तो आवाज कधी कमी झाला नव्हता. आणि थोरलीच्या स्वतःच्या नवऱ्यानं, जो भाजीची पिशवीही विसरून यायचा, त्यानं धाकटीसाठी आठवणीनं टेबलावरचा दिवा विकत आणला. म्हणाला, डोळ्यांना त्रास नको तिच्या.

थोरली त्या दिव्याकडे बघत राहिली. तिनंही पदवी घेतली होती, लग्नानंतर, पस्तिसाव्या वर्षी, टपालानं पुस्तकं मागवून. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं पुस्तक आणि एका हातात डाव, असा तिचा अभ्यास. निकाल लागला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, बरं झालं, आता तरी ओटा मोकळा होईल.

धाकटी एका कचेरीत मनुष्यबळ विभागात होती. तिचं काम म्हणजे हजेरी, रजा, बढतीची पत्रं; माणसाला काम शिकवणं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आणि थोरली अकरा वर्षं तेच करत आली होती. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे ज्या मोठ्या धुलाई केंद्रात येतात, तिथं नव्या बायकांना तयार करायचं काम तिच्याकडे होतं. चादर गरम रुळांमधून इस्त्री होऊन बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक भिडवायचं, मागं सरायचं, पुन्हा यायचं. चार खेपांत घडी. प्रत्येक नवी बाई पहिले पंधरा दिवस थोरलीच्या समोर उभी राहायची. नंतरच्या लहान घड्या, अभ्रे, टॉवेल, तिनं एकटीनं घालायच्या. तिची घडी वाकडी आली तर थोरली ओरडायची नाही, टाकून बोलायची नाही. मुकाट्यानं ती उचलायची, झटकायची, स्वतः नीट घालून ठेवायची. आपण जन्मात कुणा नवीला वाकडा शब्द बोललो नाही, याचा तिला अभिमान होता. घरीही तिची तीच रीत होती. धाकटीनं लावलेली भांडी ती पुन्हा लावायची, धाकटीनं घातलेल्या घड्या पुन्हा घालायची. बोलायची काही नाही.

धाकटीचा विषय ठरला: नवे कामगार पहिल्या महिन्यातच काम का सोडतात. तो विषय तिला कुठून मिळाला, तर थोरलीच्या रोजच्या कुरकुरीतून. संध्याकाळी ओट्याशी उभी राहून थोरली म्हणायची, आज आणखी एक गेली, आज दोघी गेल्या.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुमच्याकडे याची काही नोंद ठेवतात का? कोण कधी आली, कधी गेली?"

"छे गं. कोण ठेवतंय नोंद? मळकं यायचं, धुतलेलं जायचं."

हे म्हणताना तिचा आवाज हललासुद्धा नाही. आणि तिच्या कपाटात, तिच्या स्वतःच्या चादरींखाली, सात वह्या होत्या. अकरा वर्षांच्या. प्रत्येक पानावर रकाने आखलेले: नाव, आली तो दिवस, पहिला प्रश्न कितव्या दिवशी विचारला, गेली तो दिवस, कारण. कुणी सांगितलं नव्हतं ठेवायला. कुणी पोथी वाचतं, कुणी लोकर विणतं, तसं थोरली रोज घरी आल्यावर दोन ओळी लिहायची. त्या वह्यांतून तिला एक गोष्ट कळली होती, जी केंद्राच्या मॅनेजरलाही ठाऊक नव्हती: जी बाई पहिल्या चार दिवसांत एकही प्रश्न विचारत नाही, ती बहुतेक महिना पुरा करत नाही.

आणि आता धाकटी, जिनं आयुष्यात एक चादर धड घडी घातली नव्हती, ती यावर विद्यापीठात जाऊन बसणार होती. नव्या दिव्याच्या उजेडात.

तिसऱ्या दिवशी थोरली जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडली आणि विद्यापीठातून स्वतःसाठी त्याच पदवीचा एक अर्ज घेऊन आली. घरात ताकास तूर लागू दिली नाही. मॅनेजरनं शिफारसपत्र दिलं. त्याला वाटलं बाईंना बढती हवी आहे, आणि बढतीपेक्षा पत्र स्वस्त पडतं. दुसरं पत्र पूर्वीच्या एका मुख्य परिचारिकेनं दिलं. आराखडा तिनं केंद्रातल्या संगणकावर दोन बोटांनी टाइप केला. एक पान व्हायला जेवणाच्या चार सुट्ट्या गेल्या. पण विषय तिच्या हातात पाण्यासारखा वाहत होता. नोंदी होत्या, आकडे होते, निष्कर्ष होता. कारणांचा रकानाही भरलेला होता: कष्टाची सवय नाही. उष्णता सोसेना. घरची अडचण. नजर कमी. पुन्हा, कष्टाची सवय नाही.

सकाळी देवापुढे हात जोडताना तिला स्वतःचीच लाज वाटायची. मग ती म्हणायची, देवा, धाकटीचं भलं कर. जरा थांबून जोडायची, पण पुढच्या वर्षी.

धाकटीचा पहिला आराखडा तिच्या साहेबांनी परत केला, यात नुसतं पुस्तकी आहे म्हणून. त्या दिवशी थोरलीला दोन घास जास्त गेले. धाकटीचं एक शिफारसपत्र अडलं, त्या दिवशी तिनं गुणगुणत भांडी घासली. सासूबाईंनी विचारलं, काय गं, आज फार खुशीत? थोरली चपापली आणि नळ मोठा सोडला.

पण धाकटी गप्प बसणारी नव्हती. नोंद नाही ना, मग बायकाच गाठू, असं म्हणून तिनं चपला घातल्या. केंद्रातल्या एका जुन्या बाईकडून दोन नावं मिळाली, त्या दोघींकडून आणखी पाच. रोज कामावरून सुटली की ती कुणाच्या ना कुणाच्या दारात. कुणी शिवणाच्या दुकानात, कुणी पाव भाजायच्या भट्टीवर, कुणी घरीच. पाय सुजवून घरी यायची. थोरली तिला गरम पाण्याची बादली द्यायची आणि मनात म्हणायची, माझ्याच बायका, माझ्याच बायका.

मग एक बदल झाला. धाकटी टेबलाशी लिहीत असली आणि थोरली आत आली की ती कागदावर हात ठेवायची. दोनदा झालं, तीनदा झालं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. चार दिवसांच्या प्रश्नाची गोष्ट हिला कळली असणार. हिनं ती माझ्या बायकांकडून काढून घेतली आणि आता माझ्यापासूनच लपवते आहे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी धाकटी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पुरुष मंडळी बाहेर. थोरली टेबलाशी आली, दिवा लावला आणि कागद उलटे केले. कुणाचं काही वाचणं हे तिच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवशी होतं.

चौदा बायका होत्या. प्रत्येकीचं एकेक पान, धाकटीच्या टपोऱ्या अक्षरात.

"ती बाई रागावली असती तर बरं झालं असतं. मी भांडले तरी असते."

"मी घातलेली घडी कधी ढिगावर पडलीच नाही. मी घालायची, त्या मोडायच्या. नवव्या दिवशी वाटलं, माझे हात इथे कशाला हवेत?"

"काही बोलायच्या नाहीत. नुसती घडी उचलायच्या. मग विचारायचं तरी काय?"

चौदांपैकी अकरा जणींनी या ना त्या शब्दांत हेच सांगितलं होतं. आणि धाकटीच्या आराखड्यात, जो बाजूलाच होता, यातलं अक्षरही नव्हतं. तिथं लिहिलं होतं की नव्या कामगार प्रामुख्यानं उष्णतेमुळे काम सोडतात. त्या चौदा पानांच्या पहिल्या पानावर, समासात, बारीक अक्षरात एक ओळ होती: हे आराखड्यात घ्यायचं नाही. ताईंना लागेल.

थोरली खुर्चीत बसली. आधी तिला राग आला, त्या अकरा जणी खोटारड्या आहेत म्हणून. मग कानशिलं तापली, कारण तिला आपले हात आठवले. घडी उचलणारे, झटकणारे. पण सगळ्यात जास्त खुपलं ते समासातलं. या मुलीनं आपल्या हातातलं खरं कारण बाजूला ठेवलं होतं, तेही जावेसाठी, आणि त्याच जावेनं हिला नोंद नाही म्हणून तोंडावर सांगितलं होतं. शिक्षणात पुढं गेली, घराच्या कौतुकात गेली, आता चांगुलपणातही गेली. माणसानं हेवा तरी कशाकशाचा करावा?

तिनं कागद होते तसे ठेवले. दिवा मालवला. आणि सवयीनं, टेबलाच्या कडेला धाकटीनं घडी करून ठेवलेला टेबलक्लॉथ उचलला, झटकला, नीट घातला. हातात तो तसाच धरून ती कितीतरी वेळ उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती शिवणाच्या दुकानात गेली. तिथं त्या चौदांपैकी एक चष्मेवाली काम करत होती. सहा वर्षांपूर्वी धुलाई केंद्रात अकरा दिवस राहून गेलेली. थोरलीच्या तिसऱ्या वहीत तिच्यापुढं कारण होतं, नजर कमी, काम झेपेना. चष्मेवालीनं तिच्या समोर सुईत दोरा ओवला, एका झटक्यात, बोलता बोलता.

थोरलीनं विचारलं, तू का सोडलंस.

"आता विचारताय, बाई? सहा वर्षांनी?"

"आता विचारते."

चष्मेवालीनं बटण लावून दोरा दातानं तोडला. "तुम्ही माझी घडी मोडायच्या. रोज. मला वाटायचं, एकदा तरी म्हणतील, अशी नाही, अशी. तुमच्या तोंडातून शब्द नाही."

"मग विचारायचं होतंस."

"तुम्ही बोलत नव्हता. मी कशी बोलू?" असं म्हणून तिनं थोरलीला स्टूल दिलं आणि चहा मागवला.

अर्ज द्यायला तीन दिवस उरले होते. थोरलीनं आराखड्याचं दुसरं पान काढून टाकलं आणि नवं लिहायला बसली. तिनं लिहिलं की माझ्याकडे अकरा वर्षांच्या नोंदी आहेत आणि त्यात एक रकाना खोटा आहे. कारणाचा रकाना मी स्वतः भरत आले. सोडून जाणाऱ्या एकीलाही मी विचारलं नाही. त्या का गेल्या हे मला माहीत आहे असं मी धरून चालले. आता मला वाटतं की त्या कारणांमध्ये मी स्वतः आहे. शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या हातातलं काम काढून घेतो तेव्हा काय होतं, ते मला शोधायचं आहे, आणि सुरुवात माझ्यापासून करायची आहे.

हे तिनं का लिहिलं? खऱ्याची ओढ होती म्हणून, हे खरंच. त्या अकरा जणींचं देणं लागते असं वाटलं, हेही खरं. पण सगळ्यांच्या तळाशी एक बारीक आवाज होता आणि देवाला तो ऐकू येत असणारच: चांगुलपणात तरी हिला पुढं जाऊ देणार नाही.

मुलाखतीच्या दिवशी तिनं घरी सांगितलं, केंद्राच्या कामानं जाते. कापडी पिशवीत सात वह्या घेतल्या. विद्यापीठाच्या लांब व्हरांड्यात बाकं होती, भिंतीशी थंड पाण्याचं यंत्र घुरघुरत होतं, आणि तिसऱ्या बाकावर धाकटी बसली होती, मांडीवर फाइल घेऊन, ओठ हलवत, पाठांतर करत.

धाकटीनं वर पाहिलं. आधी तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, ताई आपल्यासाठी आल्या. मग तिची नजर थोरलीच्या हातातल्या मुलाखतपत्रावर गेली.

"तुम्हीपण?" तिनं विचारलं.

थोरली मान हलवून तिच्या शेजारी बसली. धाकटीनं विचारलं, पिशवीत काय आहे. थोरली म्हणाली, वह्या. धाकटीनं विचारलं, कसल्या. आणि थोरली काही सांगणार तोच शिपायानं धाकटीचं नाव पुकारलं. ती उठली, दोन पावलं गेली, वळून त्या पिशवीकडे एकवार बघितलं आणि आत गेली. त्या बघण्यात सगळं होतं. म्हणजे नोंद होती, आणि मी पाय सुजवत फिरले.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली आणि थोरलीकडे न बघता जिना उतरून गेली.

आत तिघं होते. मधल्या प्राध्यापक बाई पिकल्या केसांच्या, बोलायला मऊ. त्यांनी वह्या मागितल्या, सावकाश चाळल्या, पहिल्या प्रश्नाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे सुचलं कसं. थोरली म्हणाली, सुचलं नाही, कंटाळा आला म्हणून मोजत गेले. तिघेही हसले. मग बाईंनी आराखड्याचं दुसरं पान पुढं घेतलं.

"तुमच्या आधी एक उमेदवार आली होती. तीही याच धुलाई केंद्रावर लिहिते आहे. चौदा जणींना भेटली आहे. मी तिला तीनदा विचारलं, बायका काय म्हणाल्या. तिन्ही वेळा ती म्हणाली, उष्णता. तुम्ही म्हणता, कारण तुम्ही. आम्ही कुणाचं धरायचं?"

खोलीतला पंखा फिरत होता. थोरलीच्या लक्षात आलं, की पिशवीतल्या वह्यांचं कळल्यावरही, या खोलीत बसून त्या मुलीनं आपल्याला झाकलं. गप्प बसावं, तर आपला आराखडा पडतो. बोलावं, तर तिचा.

"ती खोटी नाही," थोरली म्हणाली. "तिनं मला झाकलं. ती माझी धाकटी जाऊ आहे. चौदांपैकी अकरा जणींनी माझंच नाव घेतलं, ते सगळं तिच्याकडे लिहिलेलं आहे. मी चोरून वाचलं. तिनं घातलं नाही, कारण मला लागेल."

आपण तिची बाजू घेतो आहोत असं तिला बोलताना वाटत होतं. वाक्य संपलं तेव्हा बाईंनी धाकटीच्या कागदावर काहीतरी लिहिलं, एकच ओळ, आणि त्या कागदावर दुसरा कागद ठेवला. तेव्हा थोरलीला कळलं, की संशोधनाच्या दारात याहून मोठी चुगली नसते. उमेदवाराच्या हातात खरं होतं आणि तिनं ते मांडलं नाही, हेच आपण सांगितलं. तारीफ करून सांगितलं. आणि मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी, बोलायच्या आधीच, हे तिला माहीत नव्हतं का? या प्रश्नाचं उत्तर तिनं पुढं कैक दिवस देवापुढे उभं राहून शोधलं. देव काही बोलला नाही.

घरी आल्यावर थोरलीनं चोरून वाचल्याचं आणि आत जे बोलली ते धाकटीला एका दमात सांगून टाकलं. त्यानंतर नऊ दिवस दोघी जावांमध्ये कामापुरतं बोलणं झालं. मीठ दे, दार लाव, एवढंच. सासूबाईंना वास लागला. त्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला, म्हणजे शांतता कमी ऐकू यावी.

दहाव्या दिवशी सकाळी सगळे टेबलाशी असताना दोघींचे फोन एकदमच वाजले. थोरलीची निवड झाली होती. धाकटीला लिहिलं होतं की या वर्षी नाही; मिळालेल्या मुलाखती पूर्णपणे मांडून पुढील वर्षी जरूर अर्ज करावा. थोरलीच्या मनात तिचीच प्रार्थना घणासारखी वाजली. पुढच्या वर्षी. देवानं शब्दन्‌शब्द ऐकला होता.

घरात गोंधळ उडाला. तू कधी अर्ज केलास, असं नवऱ्यानं चार वेळा विचारलं. दीर म्हणाला, वहिनी, तुम्ही पक्क्या निघालात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते ठरवणं अवघड होतं. धाकटी उठली, ताट घासायला टाकलं, अभिनंदन म्हणाली आणि वाळलेले कपडे घेऊन आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं आतून कपडे झटकल्याचा आवाज येऊ लागला. फाट, फाट. थोरलीला तो आवाज ओळखीचा होता. माहितीपत्रक आलं त्या दिवसापासून रोज तिनं स्वतः तो काढला होता.

पंधरा मिनिटं ती ओट्याशी उभी होती. तिनं मनाशी पत्र तयार केलं. वयाचं कारण द्यावं, घरचं द्यावं, जागा सोडावी. म्हणजे ती धाकटीला मिळेल. धाकटी का रुसली आहे हेही तिनं ठरवून टाकलं होतं: चोरून वाचल्याचा राग, वह्या लपवल्याचा राग. हे सगळं डोक्यात नीट लावून ती आतल्या खोलीच्या दाराशी आली, आणि तिथं थांबली. ती पुन्हा रकाना भरत होती. समोरची बाई जिवंत, दोन हातांच्या अंतरावर उभी, आणि तिचं कारण हीच लिहीत होती.

"काय होतंय तुला?" तिनं विचारलं. "तू सांग. मी धरून चालत नाही."

धाकटीनं हातातला अभ्रा खाली टाकला.

"हेवा वाटतोय," ती म्हणाली. "राग आहेच. तुम्ही तोंडावर खोटं बोललात, त्याचा आहे. माझे कागद वाचलेत, त्याचा आहे. पण तो जाईल. हे जात नाही. मी तुम्हाला वाचवत बसले आणि तुम्ही आत जाऊन सगळं सांगून मोकळ्या झालात. आणि बाईंना तेच आवडलं. माझ्या पोटात नुसतं दुखतंय, ताई."

महिना दीड महिना थोरली एकटीच त्या घरात जळत होती. आता सोबत झाली. ती म्हणाली, दिवा आला तेव्हापासून माझ्याही पोटात दुखत होतं. तुझा आराखडा परत आला त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले होते. आणि देवाला सांगत होते, तिला पुढच्या वर्षी दे.

"देवाला?" धाकटीनं डोळे मोठे केले. "तुम्ही माझ्यासाठी देवाकडे तारीख मागत होता?"

"मी जागा सोडते," थोरली म्हणाली.

"सोडाल तर जन्मात बोलणार नाही. ते पुन्हा तेच झालं. माझ्या हातातलं काढून तुम्ही घडी घालणार." तिनं अभ्रा उचलला. "माझा हेवा माझा मला करू द्या. पुढच्या वर्षी मी येणार, चौदाच्या चाळीस करून. तेव्हा बाईंसमोर तुमचं एक अक्षर झाकणार नाही."

"नको झाकू."

"आणि वह्या मला लागतील."

थोरली वह्या आणायला वळणार होती. पण धाकटीनं ढिगातली मोठी चादर ओढली आणि एक टोक तिच्याकडे फेकलं. दोघी मागं सरल्या, पुढं आल्या, टोकाला टोक भिडलं. शेवटची घडी धाकटीनं घातली आणि ती वाकडी आली, एक कोपरा चार बोटं बाहेर. तिनं ती तशीच ढिगावर ठेवली आणि थोरलीकडे बघत राहिली.

थोरलीचे हात शिवशिवले. तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले, जमेना. मग ती पलंगावर बसली आणि दोन्ही तळवे आपल्याच मांड्यांखाली दाबून धरले.

"कोपरा दाबून धरला की सरळ येते," ती म्हणाली. एवढं वाक्य बोलायला तिला अकरा वर्षं लागली होती.

"विचारलं नाही मी," धाकटी म्हणाली, आणि दुसरी चादर उचलली. दोन घड्या झाल्यावर, तिच्याकडे न बघता, तिनं विचारलं, "कुठला कोपरा?"